शितावरून भाताची परीक्षा बीपीत चालत नाही: घरच्या नोंदी कशा ठेवायच्या

घरात बीपीचं मशीन आलं की पहिले दोन-चार दिवस सगळ्यांचं बीपी घेऊन होतं, शेजारच्या काकूंचंही, मग कुणाचं तरी एकदा १५२ येतं आणि चर्चा सुरू, गोळी वाढवायची का, मीठ बंद करायचं का, सकाळी लसूण खायचा का, आणि दुसऱ्या दिवशी १२८ आलं की सगळे निवांत, जणू कालचं १५२ झालंच नव्हतं. ह्यात १५२ पण खरं असू शकतं आणि १२८ पण. बीपी दिवसभर हलत असतं, बोलताना, जिना चढताना, फोनवर कुणाशी तरी वाद घालताना, आणि वर मशीनची स्वतःची थोडी गडबड असते ती वेगळीच. भाताचं एक शीत दाबून बघितलं तर पातेल्याचा अंदाज येतो कारण सगळी शितं साधारण एकसारखी शिजलेली असतात, इथे तसं नाहीये, इथे प्रत्येक शीत वेगळं.

मी संशोधनात काम करतो, दिवसभर आकड्यांशीच मारामारी, त्यामुळे घरातल्या ह्या आकड्यांनाही लॅबमधल्या आकड्यांसारखंच वागवायचं अशी माझी सवय आहे आणि तीच पद्धत इथे लिहितोय. मी डॉक्टर नाही. गोळी कुठली, किती, कधी, हे तुमचे डॉक्टरच सांगणार, मी फक्त त्यांच्या हातात धड आकडे कसे द्यायचे ते सांगतोय.

एक गोष्ट मात्र सगळ्यात आधी. आकडा १८०/१२० च्या वर गेलाय आणि सोबत छातीत दुखतंय, धाप लागतेय, एका बाजूचा हात-पाय लुळा पडतोय, बोलणं अडखळतंय किंवा अचानक नीट दिसत नाहीये असं काही असेल तर नोंद-बिंद सोडा, महाराष्ट्रात असाल तर १०८ ला फोन करा आणि सरळ हॉस्पिटल गाठा. तेवढाच आकडा आहे पण त्रास काहीच नाही, तर पाच मिनिटं शांत बसून परत घ्या, तरीही तेवढंच आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

मशीन

दंडाला पट्टा बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको (का ते पुढे येईल). पट्टा फुगला की दंडातली रक्तवाहिनी दाबली जाते, मग हवा हळूहळू सुटते तसे पट्ट्यातल्या दाबात हृदयाचे बारीक ठोके उमटतात, आधी लहान, मग मोठे, मग परत लहान. ठोके सगळ्यात मोठे जिथे येतात तो साधारण तुमचा सरासरी दाब, आणि मशीन खऱ्या अर्थाने मोजतं ते एवढंच. वरचं आणि खालचं हे दोन्ही आकडे त्यावरून कंपनीच्या गणिताने काढलेले असतात आणि ते गणित कंपन्या सहसा उघड करत नाहीत. त्यामुळे दोन कंपन्यांची मशीन्स पाच-सात पॉइंटने वेगळी आली म्हणून लगेच एकाला नापास करू नका, आणि मुख्य म्हणजे नोंदी सुरू केल्यावर मधेच मशीन बदलू नका.

डॉक्टर कानाला स्टेथोस्कोप लावून घेतात ती पद्धत वेगळी, तिथे ठोक्याचा आवाज कधी सुरू होतो आणि कधी बंद होतो ते ऐकतात. हवेने फुगणारा पट्टा रीव्हा-रोच्ची नावाच्या इटालियन डॉक्टरने १८९६ मध्ये आणला आणि आवाज ऐकायची युक्ती कोरोत्कोव्ह ह्या रशियन डॉक्टरची, १९०५ ची. त्याच्या कितीतरी आधी स्टीफन हेल्स नावाच्या इंग्लंडमधल्या पाद्र्याने घोडीच्या धमनीत नळी खुपसून वर काचेची उंच नळी लावली होती, त्यात रक्त ८ फूट ३ इंच चढलं, हे छापून आलं १७३३ मध्ये. बिचाऱ्या घोडीला आडवं पाडून बांधलेलं होतं, तेव्हा तिचं ते बीपी शांत बसल्याचं नव्हतंच म्हणा, म्हणजे आराम करून मग मोजा हा नियम तिथेच मोडला होता.

घेताना दोन गोष्टी बघा. एक, मशीन तपासून पास झालेलं आहे का, त्यासाठी स्ट्राइड बीपी नावाची आंतरराष्ट्रीय यादी नेटवर फुकट आहे, तिथे मॉडेलचं नाव टाकून बघायचं, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. दोन, पट्ट्याचं माप. शिंप्याची टेप घ्या आणि खांदा ते कोपर ह्याच्या बरोबर मधे दंडाचा घेर मोजा, पट्ट्यावर छापलेल्या सेंटिमीटरमध्ये तो बसला पाहिजे. जाड दंडाला छोटा पट्टा लावला तर बीपी आहे त्यापेक्षा जास्त येतं, आणि हा घोळ मी इतक्या घरात बघितलाय की काही लोक फक्त पट्टा लहान म्हणून बीपीवाले झाले असतील अशी शंका येते.

मशीनवर ठोके अनियमित असल्याची खूण वारंवार येत असेल तर ती नोंदवा आणि डॉक्टरांना सांगा. तशा ठोक्यांत ह्या मशीनचं गणित भरवशाचं राहत नाही, आणि ते अनियमित का आहेत हा प्रश्न बीपीपेक्षाही आधी बघायचा असतो.

बसायचं कसं

अर्धा तास आधी चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम काही नाही. लघवीला जाऊन या. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, हात टेबलावर असा की पट्टा छातीच्या मधोमध हृदयाच्या उंचीला येईल, बाही वर केलेली पण दंडाला आवळलेली नाही, आणि पाच मिनिटं गप्प. गप्प म्हणजे खरंच गप्प, बातम्या बंद, मोबाइल लांब, आणि घरच्यांनी “किती आलं, किती आलं” विचारायचं नाही.

हाताच्या उंचीचं एवढं काय असं वाटत असेल तर ह्यात फक्त शाळेतलं फिजिक्स आहे. बीपी पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात आणि पारा रक्ताच्या साधारण १३ पट जड, म्हणजे हात हृदयापेक्षा १ सेंटिमीटर खाली गेला की आकडा पाऊण पॉइंटने वाढतो. हात मांडीवर लोंबकळत ठेवला आणि पट्टा १०-१२ सेंटिमीटर खाली गेला की झाले आठ-नऊ पॉइंट फुकटचे, १३२ चे १४१, आणि घरात परत लसणाची चर्चा. मनगटाचं मशीन नको म्हणालो ते ह्याचसाठी, मनगट कुठेही जातं, दंड निदान खांद्याला बांधलेला आहे.

पहिल्यांदा दोन्ही हातांचं घ्या, जिथे जास्त येतं तोच हात पुढे कायम ठेवा. दोन हातांत सतत १० पेक्षा जास्त फरक येत असेल तर तो पण डॉक्टरांना सांगायचा मुद्दा आहे.

वेळापत्रक असं. एक आठवडा, सकाळी उठून लघवीला जाऊन आल्यावर, नाश्ता आणि बीपीची गोळी ह्यांच्या आधी दोन रीडिंग्ज, मधे एक-दोन मिनिटांचं अंतर, आणि संध्याकाळी जेवणाआधी परत दोन. सात दिवस गुणिले चार म्हणजे २८. पहिल्या दिवसाची चार सोडून द्यायची कारण नवीन मशीनची धास्ती असते, उरली २४, त्यांची सरासरी म्हणजे तुमचं घरचं बीपी. ही सरासरी १३५/८५ किंवा त्यावर गेली तर बऱ्याच देशांच्या नियमांत ते हाय धरतात. दवाखान्यात हीच रेषा १४०/९० ला असते कारण तिथे माणूस थोडा ताठलेलाच असतो. अमेरिकेत २०१७ पासून रेषा आणखी खाली, १३०/८० ला आणलीय, त्यामुळे तिकडे राहणाऱ्या मुलीने फोनवर “बाबा हाय आहे” म्हटलं आणि इथल्या डॉक्टरांनी “ठीक आहे” म्हटलं तर दोघं आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

जुना लॅपटॉप कामाला लावा

ह्या कामाला वही-पेन पुरतं, लॅपटॉप लागतोच असं नाही. पण सरासरी, ग्राफ, सकाळ-संध्याकाळचा फरक हे सगळं हाताने कोण करणार, आणि शिवाय बऱ्याच घरांत एक जुना लॅपटॉप धूळ खात पडलेला असतोच. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि जुन्या मशीनवर विंडोज ११ बसत नाही, कारण त्याला टीपीएम २.० नावाची सोय आणि नवा प्रोसेसर लागतो, म्हणून चांगले चालते लॅपटॉप भंगारात निघालेत. देऊ नका. लिनक्स मिंट टाका (विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम), त्यातली एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती ४ जीबी रॅमवर आरामात चालते.

आधी लॅपटॉपमधले फोटो, कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या, हे करण्याआधी पुढचं वाचूच नका. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर मिंटची फाइल डाउनलोड करा, रुफस किंवा एचर हे छोटे प्रोग्रॅम वापरून पेन ड्राइव्हवर लिहा (पेन ड्राइव्ह पूर्ण पुसला जातो), आणि जुना लॅपटॉप पेन ड्राइव्हवरून चालू करा. चालू करताना एफ १२, एफ ९ किंवा एस्केप, प्रत्येक कंपनीची कळ वेगळी. ह्यात मजा अशी की काहीही इन्स्टॉल न करता मिंट पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, टचपॅड चालतोय का, सगळं ठीक वाटलं तरच इन्स्टॉलचं बटण दाबायचं. आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल आणि थोडा खर्च चालणार असेल तर ती काढून छोटी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवा, बहुतेक लॅपटॉपमध्ये चार-सहा स्क्रू आणि एक कनेक्टर एवढंच काम असतं. मशीन बदलल्यासारखं वाटतं, रॅम वाढवून एवढा फरक पडत नाही.

लिबरऑफिस मिंटसोबतच येतं, त्यातलं कॅल्क म्हणजे आपलं एक्सेल. मराठी टायपिंग सेटिंगमधल्या कीबोर्डच्या यादीत इन्स्क्रिप्ट म्हणून मिळेल. आकडे मात्र इंग्रजी कीबोर्डवरूनच टाका, देवनागरी आकडे काही प्रोग्रॅम मजकूर समजतात आणि मग बेरीज शून्य येते आणि आपण फॉर्म्युल्यात चूक शोधत बसतो.

मोबाइलवर तयार अ‍ॅप्स भरपूर आहेत, मी टाळतो. अ‍ॅप उद्या बंद पडलं तर आकडे गेले, आणि आपल्या घरच्यांच्या तब्येतीचे आकडे कुठल्या सर्व्हरवर जाऊन बसतात ते कळत नाही. साधी फाइल वीस वर्षांनीही उघडेल.

फाइल कशी करायची

हा भाग कंटाळवाणा वाटेल पण निम्मा खेळ इथेच आहे. एक ओळ म्हणजे एक रीडिंग. कॉलम असे: तारीख, वेळ, सकाळ की संध्याकाळ, वरचं, खालचं, पल्स, नोट. वरचं आणि खालचं वेगवेगळ्या कॉलममध्ये, एकाच खान्यात मधे तिरकी रेघ मारून लिहायचं नाही, कारण मग त्याची सरासरी निघत नाही आणि तिरकी रेघ दिसली की स्प्रेडशीटला तारखेचा झटका येऊ शकतो.

तारखेचा हा झटका फार जुना आहे बरं का. माणसाच्या जनुकांमध्ये मार्च १, सेप्ट २ अशी छोटी नावं होती, ती एक्सेलमध्ये टाकली की एक्सेल त्याची १ मार्च आणि २ सप्टेंबर करून टाकायचं. २०१६ मध्ये काही संशोधकांनी तपासलं तर जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या पेपरांपैकी साधारण पाचात एक पेपर असा बिघडलेला निघाला. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने हात टेकले आणि जनुकांचीच नावं बदलली, सॉफ्टवेअर बदलेल अशी वाट बघण्यापेक्षा ते सोपं होतं! आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोविडचे जवळजवळ १६ हजार रुग्ण सरकारी आकडेवारीतून काही दिवस गायब होते, कारण मधे कुठेतरी एक्सेलचा जुना फाइल प्रकार वापरला होता ज्यात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत, पुढच्या ओळी गुपचूप गळून गेल्या. मोठ्या मोठ्या संस्थांचं असं होतं तिथे आपण काय, म्हणून तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहा, २०२५-११-०४, म्हणजे ४ नोव्हेंबर की ११ एप्रिल हा वादच नको आणि सॉर्ट केलं की आपोआप ओळीने लागतं.

नोट हा कॉलम लोक रिकामा सोडतात, सोडू नका. रात्री जागरण, लग्नाचं जेवण, लोणचं-पापडाचा दिवस, सर्दीची गोळी, गुडघ्यासाठी पेनकिलर. शेवटचे दोन खास महत्त्वाचे, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या आणि नाक मोकळं करणारी काही औषधं बीपी वाढवू शकतात आणि डॉक्टरांनी विचारल्यावर हे कुणालाच आठवत नाही.

मूळ आकड्यांच्या शीटला परत हात लावायचा नाही, ही लॅबची पहिली शिस्त. सरासरी, ग्राफ, काय करायचं ते दुसऱ्या शीटवर. एखादा आकडा बेढब आला, समजा १६८, तर तो “चुकून आला असेल” म्हणून पुसायचा नाही, नोटमध्ये लिहायचं की पट्टा सैल होता किंवा बोलत होतो. पहिला दिवस सोडायचा हे आपण आकडे बघायच्या आधी ठरवलंय म्हणून ते चालतं, आकडे बघून झाल्यावर नको असलेले काढायला लागलात तर मग हवं ते उत्तर मिळतं. आणि फाइलची कॉपी पेन ड्राइव्हवर एक, दुसऱ्या घरात किंवा मेलवर एक.

एक मजेशीर तपासणी पण करता येते. वरच्या बीपीचा शेवटचा अंक वेगळा काढा, त्यासाठी मॉड नावाचं फंक्शन आहे, १० ने भागून बाकी देतं, आणि मग काउंटइफने ० किती वेळा, १ किती वेळा असं मोजा. मशीनच्या आकड्यांत शंभर रीडिंग्जमध्ये प्रत्येक अंक साधारण दहाच्या आसपास यायला हवा. शून्य आणि पाच भसाभस दिसले तर कुणीतरी वहीत “साधारण १३०” असं लिहितंय. घरातल्या आजोबांना मी असं पकडलंय आणि त्यांनी “एवढा काय फरक पडतो” म्हणून मलाच झापलं. काटा बघून घेतलेल्या बीपीतही ही खोड जगभर दिसते, तिथेही शून्याचे लाड फार.

सरासरी आणि ग्राफ

अ‍ॅव्हरेज फंक्शनने २४ आकड्यांची सरासरी, वरची वेगळी, खालची वेगळी. स्टडेव्हने विखुरलेपण, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती लांब जातात ते. समजा सरासरी १३२ आणि विखुरलेपण ८ आलं, तर एकट्या रीडिंगचा भरवसा आठ इकडे-आठ तिकडे एवढाच, पण २४ च्या सरासरीचा भरवसा आठ भागिले २४ चं वर्गमूळ, म्हणजे दीड-पावणेदोन पॉइंट. एका बैठकीतली दोन रीडिंग्ज एकमेकांवर अवलंबून असतात म्हणून थोडं जास्त धरा, अडीच म्हणा. तरी आठाचं अडीच झालं आणि खर्च काय, आठवडाभर रोजची थोडी मिनिटं.

सकाळ आणि संध्याकाळची सरासरी अ‍ॅव्हरेजइफने वेगळी काढा. गोळी चालू असताना सकाळचं सतत जास्त येत असेल तर गोळीचा असर रात्रीत ओसरतोय का हे डॉक्टर बघू शकतात, पण वेळ आपणहून बदलायची नाही.

ग्राफ काढताना एकच गोष्ट हाताने करा. उभ्या रेषेची मर्यादा ५० ते १९० अशी पक्की ठेवा. तसं नाही केलं तर प्रोग्रॅम आपोआप १२६ ते १३८ एवढीच जागा पकडतो आणि किरकोळ चढ-उतार सह्याद्रीच्या रांगांसारखा दिसायला लागतो, बघूनच बीपी वाढेल. ठिपके सगळे दाखवा, त्यावरून सात दिवसांच्या सरासरीची एक जाड रेघ, आणि बघताना रेघेकडे बघा.

आता खोटे आकडे बनवा

मला सगळ्यात आवडतो तो हा भाग आणि कुठल्याही आरोग्याच्या व्हिडिओपेक्षा जास्त शिकवतो. नवीन शीट उघडा. पहिल्या कॉलममध्ये नॉर्मइन्व्ह हे फंक्शन, त्यात तीन गोष्टी भरा: रँड (हे फंक्शन दरवेळी नशिबाने एक आकडा काढतं), १३२ (सरासरी) आणि ८ (विखुरलेपण). खाली ओढत हजार ओळी करा. हा झाला एक काल्पनिक माणूस, ज्याचं खरं बीपी कायम १३२ आहे, काहीही बदलत नाही, फक्त रोज नशिबाने इकडे-तिकडे होतं. दुसऱ्या कॉलममध्ये तेच परत, हा पुढचा दिवस. दोन्ही कॉलम कॉपी करून फक्त व्हॅल्यू पेस्ट करा नाहीतर प्रत्येक एंटरला आकडे बदलत राहतील.

आता पहिल्या कॉलममध्ये १४५ च्या वर गेलेल्या ओळी गाळणी (फिल्टर) लावून काढा. पन्नासच्या आसपास मिळतील. त्याच ओळींचा पुढचा दिवस बघा, सरासरी १३२ च्या जवळ. म्हणजे ज्या ज्या दिवशी बीपी “वाढलं” त्याच्या दुसऱ्या दिवशी ते खूप खाली आलं, आणि आपण काहीच केलेलं नाही, कॉम्प्युटरने लसूण खाल्लेला नाही.

ह्याला सरासरीकडे परतणं म्हणतात, फ्रान्सिस गॅल्टनने १८८६ मध्ये आई-वडील आणि मुलांच्या उंचीवरून दाखवलं होतं. घरगुती उपायांचा निम्मा महिमा इथून येतो. आपण उपाय कधी करतो, तर आकडा वाईट आल्यावर. पुढचा आकडा तसाही बरा येणार असतो. मग मेथीचं पाणी, तांब्याचं भांडं, कुणाची तरी अंगठी, जे काही त्या दिवशी हाताशी होतं त्याला क्रेडिट जातं आणि ते फॉरवर्ड होत तुमच्यापर्यंत येतं. पाठवणारा खोटं बोलत नसतो, त्याचा अनुभव खराच असतो, फक्त तुलना चुकीची असते. नवीन गोळीच्या बाबतीतही हेच लागू आहे बरं, म्हणून तर औषधांच्या चाचणीत ते औषध न घेणारा दुसरा गट ठेवतात.

उपाय निरुपद्रवी असेल तर माझं काही म्हणणं नाही, खा लसूण. पण दुधीच्या रसाचं तसं नाही. दुधी कडू निघाला तर त्यात कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात, आपल्या देशात त्याने उलट्या, रक्तस्राव होऊन माणसं गेलेली आहेत आणि आयसीएमआर ह्या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेने समिती नेमून त्यावर इशारा दिलेला आहे. रस काढायच्या आधी फोड चाखा, कडू लागली तर पूर्ण दुधी फेकून द्या, “कडू आहे म्हणजे औषधी” असं काही नसतं.

स्वतःवर छोटा प्रयोग

पायावर पाय टाकून बसल्याने खरंच बीपी वाढतं का, माझं वाक्य कशाला मानताय, बघा की. पण नीट बघा. प्रत्येक वेळी आधी नाणं उडवा, छापा आला तर पायावर पाय, काटा आला तर सरळ, पाच मिनिटं बसा, मोजा, लिहा. दिवसाला एक-दोन वेळा. दोन्ही बाजूंना दहा-दहा झाले की मगच सरासरी काढायची, मधे डोकावायचं नाही. नाणं कशासाठी, तर आपण ठरवायला लागलो की दमलेल्या दिवशी नकळत पायावर पाय टाकतो आणि मग थकव्याचा आकडा पायाच्या नावावर चढतो. जमलं तर मशीनचा आकडा दुसऱ्याला वाचू द्या आणि तुम्ही बघू नका.

हाच प्रयोग चहा आणि मोजमाप ह्यांच्यातल्या अंतराचा करता येतो, शांत बसण्याच्या मिनिटांचा करता येतो. गोळ्यांवर करायचा नाही, अजिबात नाही, “चार दिवस बंद करून बघतो” हा प्रयोग नसून जुगार आहे.

आणि काही प्रश्न घरच्या फाइलने सुटतच नाहीत. मिठाचंच घ्या. डब्ल्यूएचओ म्हणतं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या चमच्याने जेमतेम एक चमचा, त्यात लोणचं, पापड, चटणी, फरसाण सगळं आलं. मीठ कमी केलं की आकडा उतरतो का हे तुम्ही घरी थोडंफार बघू शकाल. पण त्याने पक्षाघात टळतो का हे एका माणसावर कधीच दिसणार नाही, त्याला चीनमध्ये ६०० खेड्यांतली जवळजवळ २१ हजार माणसं पाच वर्षं बघावी लागली. निम्म्या खेड्यांना असं मीठ दिलं ज्यात पाव भाग पोटॅशियम क्लोराइड होतं, आणि २०२१ मध्ये निकाल आला की तिथे पक्षाघात साधारण १४ टक्क्यांनी कमी झाले. आपल्याकडे लो सोडियम म्हणून मिळतं ते ह्याच जातीचं, पण किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं, तेव्हा किराणा यादीत टाकायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

डॉक्टरांकडे काय न्यायचं

अख्खी फाइल नको. त्यांच्याकडे बाहेर वीस जण बसलेत. एक पान. वरती नाव, वय, मशीनचं मॉडेल, कुठला हात. मग सरासरी, सकाळची, संध्याकाळची, रीडिंग्ज किती, सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी किती आणि तेव्हाची नोट. खाली ग्राफ. त्याखाली चालू गोळ्या आणि खरोखर कधी घेता ती वेळ, चिठ्ठीवर लिहिलेली नव्हे, आणि विसरलेले दिवस असतील तर तेही.

पहिल्या वेळी मशीन पण पिशवीत घालून न्या आणि विनंती करा की एकदा त्यांच्या मशीनवर आणि लगेच आपल्या मशीनवर, त्याच हाताचं, दोन-तीन वेळा आलटून पालटून घ्या. फरक किती येतो तो पानाच्या मागे लिहून ठेवा, वर्षातून एकदा हे परत करा. दवाखान्यात सतत १५० आणि घरी सरासरी १२६ असं असेल तर त्याला पांढऱ्या कोटाचं बीपी म्हणतात, ह्याच्या उलटही असतं, दवाखान्यात छान आणि घरी जास्त, आणि ते जास्त फसवं कारण तिथे कुणाला संशयच येत नाही. दोन्ही प्रकार कळायला घरच्या नोंदी लागतातच (किंवा चोवीस तास अंगावर बांधायचं मशीन, ते डॉक्टर लागलं तर सांगतील).

त्यानंतर रोज मोजत बसू नका. सगळं स्थिर असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटच्या आधीचा एक आठवडा पुरतो, गोळी बदलली असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हा परत एक आठवडा. काही लोकांना मोजण्याचीच चिंता लागते, आकडा बघितला की धडधड, धडधड म्हणून आणखी मोजायचं, आणखी वर. तसं होत असेल तर स्क्रीनवर कागद चिकटवा, बटण दाबायचं काम तुमचं, आकडा वाचून फाइलमध्ये भरायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाचं, आणि आठवडा संपेपर्यंत त्यांनी तो सांगायचा नाही. अपवाद एकच, वर लिहिलेला १८०/१२० चा आकडा दिसला तर त्यांनी लगेच बोलायचं.